गाडीसारखा रंग

मामा बॉनेट एकट्याने उचलतात आणि घोडीवर आडवं टाकतात. स्टीलचं असतं तर दुसऱ्या टोकाला पोऱ्याला बोलवावं लागलं असतं. हे कार्बन फायबरचं आहे. वरून काळं, चकचकीत, आणि चकाकीखाली तिरपी वीण: दोन धागे वर, दोन खाली, प्रत्येक ओळ एकेक घर पुढे सरकलेली. यातला एकेक धागा म्हणजे साधारण 3000 तंतूंचा पेळू, आणि एक तंतू माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका बारीक. काचेच्या बाजूला मात्र ती चकाकी पिवळी पडली आहे. इपॉक्सी राळेला ऊन सोसत नाही, वरचं क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, कच्चं असलं की दोन-चार उन्हाळ्यांत असंच होतं.

भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यातली ही गाड्या रंगवायची पत्र्याची शेड. फेब्रुवारीची सकाळ, हवा कोरडी. बाहेर 2008 ची होंडा सिव्हिक उभी आहे, चंदेरी. तिचं तोंड उघडं पडलंय, इंजिनावर जुनी चादर टाकलीय. गाडीचा मालक चाकणला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. सुट्टी जुळली की कोइंबतूरच्या करी स्पीडवेवर गाडी पळवतो. पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी, सगळा भार नाकावर. नाक हलकं झालं की वळणावर गाडी लवकर वळते, म्हणून त्याने हे बॉनेट घेतलं. आता त्याला ते गाडीच्या रंगाचं करून हवंय. कारण विचारलं तर तो जरा थांबतो आणि सांगतो, "आई गाडीत बसताना दर वेळी म्हणते, ही ॲक्सिडेंटची गाडी वाटते. बॉनेट दुसऱ्याच गाडीचं बसवल्यासारखं."

तरी त्याचा हात विणीवरून फिरतोच आहे. "मामा, झाकायचं म्हणजे जीवावर येतंय."

"वीण कुठं जातीय? खालीच हाय की," मामा म्हणतात.

मला मामांचं पटतं. ही वीण दाखवण्यासाठी कुणी शोधली नव्हती. 1981 साली जॉन बर्नार्ड यांनी मॅकलॅरेनच्या एमपी4/1 ला कार्बन फायबरचा सांगाडा दिला, तो हलका आणि ताठ हवा म्हणून. पुढे रस्त्यावरच्या गाड्यांत वीण उघडी ठेवण्याची हौस आली. हौसेला काही म्हणायचं नाही, पण काम वजनाचं आहे. रंगाचं वजन होतं हेही खरं. 2022 च्या हंगामात फॉर्म्युला वनच्या गाड्या जड झाल्या, तेव्हा बऱ्याच संघांनी जागोजागी रंग काढून काळा कार्बन उघडा ठेवला होता. इथला हिशेब मी मनात करून पाहतो: दीडेक चौरस मीटर बॉनेट, त्यावर सगळे थर मिळून सुकल्यावर 150 मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे 300 ग्रॅमच्या मागेपुढे. मालकालाही हा आकडा चालण्यासारखा वाटतो.

मामा कामाला लागतात, पण पॉलिश पेपर हातात घेत नाहीत. आधी साबणाचं पाणी, मग वॅक्स काढायचं द्रावण. एका फडक्याने लावायचं, दुसऱ्या कोरड्या फडक्याने ते सुकायच्या आत टिपायचं, आणि दर वेळी फडक्याची घडी बदलायची. पोऱ्या घडी बदलायला विसरतो, मामा नुसतं बघतात, तो बदलतो. बॉनेट साच्यातून सुटावं म्हणून साच्याला मेण लावलेलं असतं, शिवाय मालकाने हौसेने चोपडलेलं पॉलिश वेगळं. ते तसंच ठेवून घासलं तर पेपर तेच मेण चरांमध्ये दाबून बसवतो. मग रंग मारताना त्या जागी रंग मागे सरतो आणि गोल डोळे पडतात. एकदा डोळे पडले की सगळं उतरवून पहिल्यापासून.

मग घासणं सुरू होतं. 320 चा पेपर, रबराचा ठोकळा, तोंडाला मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट. मामांचं लक्ष बॉनेटपेक्षा धुळीवर आहे. पांढरी धूळ निघतेय तोवर वरचं क्लिअर घासलं जातंय. कडेला, जिथे बॉनेटला घडी आहे, तिथे धूळ राखाडी व्हायला लागते आणि ठोकळा लगेच थांबतो. काळी धूळ म्हणजे पेपर तंतूंना लागला. कापलेला तंतू पुन्हा जोडता येत नाही. ही काळी धूळ कातडीत घुसली की दिवसभर खाजते आणि छातीत गेली तर वाईटच. कडांवर मामा ठोकळा सोडून बोटांनी, 400 च्या पेपरने, हलक्या हाताने घासतात.

चमक गेल्यावर बॉनेट उन्हाकडे तिरपं धरलं जातं. आता दिसतात ती सुईच्या टोकाएवढी भोकं. साच्यात राळ बसताना अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांच्या या जागा. वरून रंग मारला तर भोकात हवा तशीच राहते आणि भट्टीत तापली की रंग फोडून वर येते. म्हणून आधी इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. त्यावर बारीक लांबी (पुट्टी), पत्तीने दाबून, भोकाभोकात. पत्ती एकदा उभी, एकदा आडवी, आणि वरची सगळी लांबी पुन्हा खरवडून काढायची. भरायचं आहे ते भोक, पृष्ठभाग नाही.

प्रायमर मारलेलं बॉनेट शेडच्या बाहेर उन्हात ठेवलं जातं, आणि पुढचे काही दिवस ते तिथेच असणार आहे. मालकाला घाई आहे. मामांना नाही. राळ उष्णतेने आकसते-फुगते, कार्बनचा तंतू जवळजवळ जागचा हलत नाही. राळ अजून पुरती पिकलेली नसेल तर ती रंगाखाली पिकते, आकसते, आणि सहा महिन्यांनी उन्हात बघावं तर चकचकीत रंगावर विणीचे चौकडे उमटलेले. "जे काय आकसायचं ते आधी आकसून घेऊ दे," मामा सांगतात. "माझ्या रंगाखाली नको."

मला या सगळ्या कामातली ही थांबण्याची अक्कल सर्वात मोठी वाटते. बिल करताना तिचा रकाना नसतो.

बॉनेट आत येतं तेव्हा त्यावर सर्फेसरचे तीन हात झालेले आहेत, मध्यम करड्या रंगाचे. त्यावर काळ्या स्प्रेची विरळ धूळ उडवलेली. लांब ठोकळ्याला 600 चा पाण्याचा पेपर लावून पोऱ्या घासतोय. काळं जिथे आधी जातं तो उंचवटा, जिथे उरतं तो खड्डा. मधल्या फुगवट्यापाशी तळहाताएवढं काळं बेट उरतं. मामा डोळे मिटून त्यावरून हात फिरवतात. डोळ्याला न दिसणारा खड्डा तळव्याला कळतो. "अजून एक हात सर्फेसर." पोऱ्याचा चेहरा उतरतो, पण तो बादली उचलतो.

आता रंग. गाडीच्या दाराच्या चौकटीवर कोड आहे, एनएच-700एम, अलाबास्टर सिल्व्हर मेटॅलिक. कोड मिक्सिंगच्या दुकानात दिला की ग्रॅमच्या काट्यावर तोलून डबा मिळतो. मालकाला वाटतं काम झालं. मामा डबा बाजूला ठेवतात आणि गाडीच्या फेंडरकडे जातात. हातभर जागेवर कंपाउंड लावून मशीन फिरवतात. वर्षानुवर्षांचा मळ आणि उन्हाने मेलेला थर निघतो आणि खालून वेगळीच चांदी वर येते, अधिक उजळ. ही जागा घासल्याशिवाय रंग जुळवायला घेतला असता तर मळाशी जुळवला असता.

कोड सांगतो तो गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशीचा रंग. मामांना हवाय तो आजचा, पुण्याच्या उन्हातून निघालेला. तो कुठल्या पुस्तकात लिहिलेला नाही, फेंडरवर आहे.

मामा पत्र्याच्या कार्डावर तीन हात मारतात, सुकू देतात, अर्ध्या भागावर क्लिअर मारतात. क्लिअरशिवाय तुलना करायची नाही, कारण ओला रंग, सुका रंग आणि क्लिअरखालचा रंग हे तीन वेगळे दिसतात. कार्ड फेंडरला टेकवून ते समोरून बघतात. जुळतंय. मग गुडघ्यावर बसून, पत्र्याला डोळा लावून कडेने बघतात. कार्ड काळपट दिसतं. धूपछाव लुगडं जसं समोरून एक आणि तिरपं दुसरं दिसतं, तसंच चंदेरी रंगाचं. यात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. ते निजलेले असले की समोरून प्रकाश परततो आणि कडेने अंधारतं.

"बघा की तुम्ही पण," मामा मला बसवतात. मी बसतो आणि फरक दिसतो, आणि एकदा दिसला की तेवढाच दिसत राहतो.

मामा डब्यात पांढऱ्याचे थेंब टाकतात. पांढऱ्याने कडेची बाजू उजळते, पण समोरची थोडी मंदावते, म्हणून थेंबाथेंबाने. नवं कार्ड. पुन्हा समोरून, पुन्हा कडेने. शेडच्या ट्यूबलाइटखाली नाही, भर दुपारच्या उन्हातही नाही. सावलीत, उघड्या आकाशाखाली. कार्डांची ओळ वाढत जाते, प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने थेंब लिहिलेले. मालक आता कंटाळला नाही, तोही गुडघ्यावर आहे.

शेवटचं कार्ड फेंडरवर ठेवल्यावर त्याची कड शोधावी लागते. मामा तरीही समाधानी नाहीत. "कार्ड जुळलं म्हणजे बॉनेट जुळलं असं नसतंय. हात बदलला की रंग बदलतो." हे शब्दशः खरं आहे. गन जवळ धरली, थर ओला बसला, तर कण आत बुडतात आणि रंग गडद होतो. लांबून कोरडा बसला तर कण वरच निजतात आणि रंग उजळतो. डबा एकच असतो. म्हणून ठरतं की दोन्ही पुढच्या फेंडरवर बॉनेटजवळ रंग विरवत न्यायचा आणि क्लिअर पूर्ण फेंडरवर मारायचं. नवं-जुनं जिथे भेटेल तिथे रेघ नको, उतार हवा.

बूथमध्ये जमिनीवर पाणी शिंपडलं आहे, धूळ बसावी म्हणून. बॉनेट गाडीवर जसं बसतं तसंच, त्याच कलाने, घोडीवर ठेवलंय. चिकट फडक्याने शेवटचं पुसून होतं. मामा अंगभर पांढरा सूट आणि बाहेरून नळीने हवा येणारा मास्क चढवतात. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा वास येईपर्यंत ते छातीत गेलेलं असतं, आणि एकदा का त्याने दमा लावला की रंगाचं काम सुटतं. नुसता रुमाल बांधून हेच काम करणारी माणसं याच पट्ट्यात कितीतरी आहेत. कंप्रेसर घेणाऱ्या प्रत्येकाने हवेचा मास्क आधी घ्यावा, गन नंतर, असं मला फार वाटतं. पोऱ्याला मामा बाहेर काढतात. मी काचेतून बघतो.

गन बॉनेटपासून वीतभर. हात मनगटातून वळत नाही, सगळा खांदा सरकतो, म्हणजे मधे आणि टोकाला अंतर सारखं. प्रत्येक पट्टा आधीच्या निम्म्यावर. पहिल्या हाताने करडं पातळ होतं, दुसऱ्याने झाकलं जातं. मधे दहा-पंधरा मिनिटं नुसतं थांबणं. तिरप्या उजेडात कुठे कुठे ढगाळ डाग दिसतात, कण एका जागी गोळा झालेले. मामा हवेचा दाब उतरवतात, गन दुप्पट लांब धरतात आणि अगदी विरळ, उभा-आडवा एक हात फिरवतात. डाग माझ्या डोळ्यांदेखत विरतात. हे मी दुसऱ्या कुठल्याच कामात पाहिलेलं नाही: इतकं कमी टाकून इतकं बदलणं.

मग क्लिअर, दोन हात. आणि इथे मामा मुद्दाम एक गोष्ट करतात जी मला कळत नाही. दुसरा हात आरशासारखा सपाट न बसवता किंचित कोरडा ठेवतात. बाहेर आल्यावर गाडीच्या दारावर ट्यूबचं प्रतिबिंब दाखवतात. कड थरथरीत आहे, कंपनीच्या रंगावर संत्र्याच्या सालीसारखा बारीक दाणा असतो. बॉनेट काचेसारखं गुळगुळीत केलं तर छटा तंतोतंत असूनही बॉनेट नवं दिसेल. दाणाही जुळला पाहिजे.

भट्टीचं तापमान नेहमीच्या 60 वर जात नाही. ही राळ कुणी कशी बनवली कुणास ठाऊक, म्हणून 50 च्या आत, वेळ वाढवून.

सकाळी बॉनेट गाडीवर चढतं. बिजागरीच्या बोल्टखाली मामा नायलॉनचे वॉशर घालतात. कार्बन आणि धातू थेट टेकले आणि मधे पावसाचं पाणी आलं की धातू गंजतो, स्टील झिजतं, ॲल्युमिनियम तर फारच. फटी दोन्हीकडे सारख्या येईपर्यंत बोल्ट सैल, घट्ट, पुन्हा सैल. जलद गाडीत नुसत्या कुलपावर विसंबायचं नाही, म्हणून समोरच्या दोन पिना परत बसतात. त्यांच्या भोकांच्या कडाही मामांनी क्लिअरने बंद केल्या आहेत.

मालक समोरून बघतो, मग न सांगता गुडघ्यावर बसून कडेने बघतो. डाव्या फेंडरवर, अगदी खालून पाहिलं तर, उताराची सुरुवात मला लागते, कारण ती कुठे आहे हे मला माहीत आहे. मामांनाही दिसते. ते तिथे पॉलिशचा एक फेर देतात आणि सोडतात.

"महिनाभर वॅक्स लावू नका, आतलं थिनर उडून जाऊ द्या. झाडाखाली लावू नका. पक्ष्याची घाण पडली तर तिथल्या तिथं पाण्यानं धुवायची, नखानं खरडायची नाही," मामा सांगतात. मालक फोनमध्ये लिहून घेतो, आणि आईला घेऊन यायला किती वाजेपर्यंत शेड उघडी असते ते विचारतो.