पाण्याबरोबर उचलले जाणारे घर

मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, की नाल्यांचे पाणी खाडीत जात नाही, वस्तीत तुंबते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईने हे अनुभवले. समुद्राची पातळी वाढेल तसा ठाणे खाडीकाठच्या ट्रॉम्बेतील सखल वस्तीचा धोकाही वाढणार आहे.

नेदरलँड्समधील मासबोमेल येथे नदीकाठची घरे पोकळ काँक्रीटच्या तळावर आहेत. पूर आला की ती खांबांच्या आधाराने वर उचलली जातात, वाहून जात नाहीत. नळ व वीजजोडण्याही लवचिक असतात. दाटीवाटीच्या ट्रॉम्बेत हे अवघडच. तेथे तळमजला मोकळा ठेवून वीजमीटर, पंप वर नेणे अधिक व्यवहार्य. भराव घालून एकाचेच जोते उंचावले, तर पाणी शेजारच्या बैठ्या घरात शिरते.