लग्नघरचा ‘ग्रुप’

इंदुरातल्या जुन्या मराठी घरांत दिवाणखान्याच्या भिंतीवर एक चौकट बहुधा असतेच. ती असते लग्नातल्या ‘ग्रुप’ची. पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेली मुले, त्यांच्यामागे खुर्च्यांवर पगड्या घातलेली वडीलधारी मंडळी, मधोमध मुंडावळ्या बांधलेले वधूवर आणि सर्वांत मागे बाकांवर चढून उभे राहिलेले उरलेसुरले आप्त. हसू मात्र कोणाच्याच तोंडावर नाही!

हे रुसव्याफुगव्यामुळे नव्हे. ओल्या लेपाच्या काचांवर फोटो निघत, त्या काळी कित्येक सेकंद निश्चल राहावे लागे. १८८० नंतर कोरड्या काचा सर्रास मिळू लागल्या आणि निमिषभर पुरेसे झाले. पण न हलण्याची शिस्त पुढेही कायम राहिली. आपल्या शहराला ही कला लवकर लाभली. लाला दीनदयाळ १८६६ साली इंदुरास बांधकाम खात्याच्या नोकरीत आले, येथेच त्यांना कॅमेऱ्याचा नाद लागला आणि दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना उत्तेजन दिले. पुढे १८८५ साली ते निजामाचे छायाचित्रकार झाले.

शंभर माणसे एका काचेवर बसवायची, तर नियम एकच: ज्याला भिंग दिसते, त्यालाच भिंग पाहते. म्हणून तर खुर्च्या, बाके आणि पायऱ्या यांची ती सगळी मांडामांड.

आमच्या आजोबांच्या लग्नाचा असाच एक ग्रुप घरात आहे. त्यात एकाहत्तर माणसे आहेत. पाठीमागच्या पुठ्ठ्यावर आजीने शिसपेन्सिलीने ओळीओळीने सर्वांची नावे लिहिली आहेत आणि अगदी खाली तीनच शब्द: ‘आक्का आत होत्या.’

आक्का म्हणजे आजोबांची थोरली बहीण, बालविधवा. लग्नाचे लाडू आठ दिवस तिनेच वळले होते. पण मंगलकार्यात तिने समोर यायचे नाही, असा त्या काळचा दंडक. तिचा एकही फोटो घरात नाही. आजीने ते तीन शब्द लिहिले नसते, तर त्या दिवशी कोण राहून गेले, हे आम्हांला कळलेही नसते.

आज एकेका लग्नात हजार-हजार फोटो निघतात. पण सगळी माणसे एकत्र असलेला फोटो मागितला, तर यजमान मोबाईल चाळीत बसतात. मंगलाष्टके आटोपली, की जेवणाआधी दहा मिनिटे सर्वांना अंगणात बोलवावे. फोटोवाल्याला गच्चीवर चढवावे, म्हणजे मागच्या रांगेचीही तोंडे दिसतील. पुढे तो फोटो कागदावर उतरवून, घरातली जुनी माणसे आहेत तोवर त्यांच्याकडून नावे लिहून घ्यावीत.

आणि फोटोवाला ‘तयार’ म्हणाला, की घरातल्या कोणीतरी एकदा स्वयंपाकघरात डोकावून विचारावे, ‘‘आत कोणी राहिले आहे का?’’