तांब्याची कळशी आणि काळी पडणारी बाटली

शालेय विज्ञान प्रदर्शनांना परीक्षक म्हणून डॉक्टरांना आवर्जून बोलावले जाते. मलाही गेली काही वर्षे ही संधी मिळत आहे. खाण्याच्या सोड्याने फसफसणारा ज्वालामुखी, थर्मोकोलचे पर्जन्यजल-संचयन, लाल-निळ्या दिव्यांनी उजळणारे हृदय या गोष्टी तेथे हमखास भेटतात. मुले पाठ केलेली माहिती न अडखळता सांगतात, पालक शेजारी कौतुकाने उभे असतात. मात्र "हे करण्यापूर्वी तुला ठाऊक नव्हते असे यातून काय कळले?" असे विचारले की बहुधा उत्तर येत नाही. दोष मुलांचा नाही. जे उत्तर पुस्तकात आधीच छापलेले आहे, त्याची प्रतिकृती करण्यास आपणच त्यांना सांगितलेले असते. प्रयोग ही निराळी गोष्ट आहे. त्यात उत्तर ठाऊक नसते आणि आपला अंदाज खोटा ठरण्याची वाट मोकळी ठेवलेली असते.

विद्यार्थ्याने स्वतः रचलेला, रोजच्या अडचणीतून निघालेला प्रयोग कसा असतो आणि त्यात आपण डॉक्टर मंडळी कोणता हातभार लावू शकतो, हे एका उदाहरणाने सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे. उदाहरण पाण्याचे घेतले आहे. पावसाळा सुरू झाला की जुलाब, विषमज्वर आणि कावीळ यांचे रुग्ण आपल्या दवाखान्यांत वाढतात. औषध, क्षारसंजीवनी आणि "पाणी उकळून प्या" हा सल्ला देऊन आपण त्यांना घरी पाठवतो, ते पुन्हा त्याच पाण्याकडे.

आपल्या गावाचा वारसा

या विषयात ग्वाल्हेरचे नाव दोन कारणांनी घ्यावे लागते. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी आपल्या परिसरातील एखादी समस्या निवडून तिचा अभ्यास करावा व तो इतरांपुढे मांडावा, अशी 'बाल विज्ञान काँग्रेस'ची कल्पना ग्वाल्हेर विज्ञान केंद्राने प्रथम राबवली. पुढे केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषदेने ती उचलून धरली आणि १९९३ पासून ती देशभर पोहोचली. आपल्याच मध्य प्रदेशात त्याआधी १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला होता. तो २००२ पर्यंत चालला.

दुसरे कारण आपल्या व्यवसायाच्या अधिक जवळचे आहे. येथील संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेतील, म्हणजे आपण सारे जिला 'डीआरडीई' म्हणतो तेथील, मांजा, मौर्य व राव या शास्त्रज्ञांनी पिण्याच्या पाण्यातील विष्ठाजन्य प्रदूषण ओळखण्याची एक अत्यंत सोपी चाचणी तयार केली. ती १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या 'बुलेटिन'मध्ये प्रसिद्ध झाली व पुढे अनेक देशांत वापरली गेली. मुलांच्या प्रयोगाला हवे असलेले मोजमापाचे साधन त्यामुळे आपल्या दारातच उपलब्ध आहे.

चाचणीचे तत्त्व

पेप्टोन, सोडियम थायोसल्फेट व फेरिक अमोनियम सायट्रेट असलेले पोषक द्रव्य कागदाच्या घडीत शोषवून वाळवतात आणि तो कागद निर्जंतुक बाटलीत ठेवतात. बाटलीत वीस मिलिलिटर पाणी घालून ती ३० ते ३७ अंश सेल्सिअसच्या उबेत बारा ते अठरा तास ठेवायची. आतड्यातील जंतूंच्या सोबतीने राहणारे सिट्रोबॅक्टर, प्रोटियस, साल्मोनेला यांसारखे काही जंतू थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. तो लोहाशी संयोग पावला की लोह सल्फाइड बनते व बाटली काळी पडते. ई. कोलाय स्वतः सामान्यतः हा वायू तयार करीत नाही, तरीही ही चाचणी उपयोगी पडते. ज्या पाण्यात विष्ठेचा शिरकाव झालेला असतो, त्यात ही सोबतची मंडळी सहसा असतातच.

चाचणीला मर्यादाही आहेत. काही भूजलांत मुळातच सल्फाइड असते किंवा गंधकावर जगणारे इतर जंतू असतात. तेव्हा प्रदूषण नसतानाही बाटली काळी पडू शकते. कावीळ आणणारे विषाणू तर ती दाखवीत नाहीच. साधनाच्या मर्यादा आधी जाणून घेणे हा विद्यार्थ्याचा पहिला धडा.

आजीचे म्हणणे तपासताना

समजा, एखाद्या मुलीच्या घरी हातपंपाचे पाणी येते आणि आजी सांगते, "रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवलेले पाणी बाधत नाही." हे खरे का? बंगळूर व कोलकाता येथील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जंतू मुद्दाम मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवल्यावर ते जंतू पुन्हा वाढवता आले नाहीत. पाण्यात उतरलेले तांबेही जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेल्या, लिटरला दोन मिलिग्रॅम या मर्यादेच्या आतच होते. मग मुलीने करायचे काय उरले? पुष्कळ उरले. तिच्या हातपंपाचे पाणी प्रयोगशाळेतील पाण्यासारखे नाही. तिची कळशी कधी चिंचेने लखलखीत घासलेली असते, कधी काळवंडलेली. आणि संध्याकाळी सातला भरलेले पाणी घरातले लोक नऊलाच पिऊ लागतात, सोळा तास थांबत नाहीत. या तीनही गोष्टींचे उत्तर कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

आता आराखडा. पाणी एकाच वेळी, एकाच बादलीत भरून घ्यावे व तेथून तांबे, स्टील आणि काच अशा सारख्या मापाच्या झाकलेल्या भांड्यांत वाटावे. काचेचे भांडे हे तुलनेचे. ते नसेल तर जंतू तांब्याने मेले की रात्रभरात आपोआप कमी झाले, हे कळणार नाही. प्रत्येक भांड्यातून दोन, आठ व सोळा तासांनी पाच-पाच बाटल्या भराव्यात. वीस मिलिलिटरच्या पाच बाटल्यांपैकी एक काळी पडली तर शंभर मिलिलिटरमागे जंतूंची शक्यतम संख्या १.१ धरतात, दोन पडल्या तर २.६, तीनला ४.६ व चारला ८.०. पाचही काळ्या पडल्या तर संख्या ८ पेक्षा अधिक, पण किती अधिक ते समजत नाही. तेव्हा उकळून गार केलेल्या पाण्याने नमुना पातळ करून पुन्हा तपासावा लागतो.

बाटल्यांवर भांड्याचे नाव न लिहिता क्रमांक घालावेत आणि कोणती काळी पडली हे पाहण्याचे काम, क्रमांकांची यादी न पाहिलेल्या मैत्रिणीने करावे. औषधांच्या चाचण्यांत आपण ज्याचा आग्रह धरतो तेच हे तत्त्व आहे. करडी पडलेली बाटली काळी म्हणावी की नाही, याचा निर्णय आजीवरच्या प्रेमाने होता कामा नये.

यापुढचा प्रश्न एखाद्या चाणाक्ष विद्यार्थ्याला सुचला तर परीक्षकाने उठून त्याची पाठ थोपटावी. पाण्यात उतरलेले तांबे बाटलीतही जंतूंची वाढ रोखत असेल तर? मग बाटली स्वच्छ राहील, पण जंतू मेलेले नसतील, केवळ दबलेले असतील. याची तपासणी अवघड नाही. काही बाटल्यांत तांब्याच्या भांड्यातील व हातपंपाचे ताजे पाणी निम्मे-निम्मे घालावे. तेवढ्याच दुसऱ्या बाटल्यांत उकळून गार केलेले व ताजे पाणी तसेच निम्मे-निम्मे घालावे. दोन्हीकडे सारख्याच संख्येने बाटल्या काळ्या पडल्या तर शंका फिटली. पहिल्या गटात कमी पडल्या तर आधीच्या निष्कर्षांना तेवढी कात्री लावावी लागेल.

उबेची पेटी

येथवर विज्ञान झाले. अभियांत्रिकी पुढे सुरू होते. आपल्याकडे जानेवारीच्या रात्री पारा अनेकदा पाच-सहा अंशांवर उतरतो आणि घरोघरी इनक्युबेटर नसतो. थंडीत ही चाचणी फार मंदावते. तेव्हा प्रश्न असा: वीज न वापरता बाटल्या अठरा तास ३० ते ३७ अंशांत कशा ठेवाव्यात? थर्मोकोलची पेटी, तीत गरम पाण्याच्या बाटल्या, भोवती गोधडी. दर तासाला तापमान लिहून आलेख काढावा. पाणी किती घातले, ते दर किती तासांनी बदलले, पेटी भरलेली असता व रिकामी असता काय फरक पडला, या नोंदींतूनच पेटी सुधारत जाते. येथे निकष आधी ठरवलेला असतो. पेटी त्यात बसते किंवा बसत नाही.

बालरोगतज्ज्ञांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला खेड्यात, विजेवाचून उबदार कसे ठेवावे, हाच प्रश्न २००७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांना वर्गातील अभ्यास म्हणून मिळाला होता. सुमारे ३७ अंशांना वितळणाऱ्या मेणासारख्या पदार्थाची पिशवी बाळाच्या झोळीत ठेवण्याची युक्ती त्यांनी काढली. तो पदार्थ गोठताना बराच काळ एकाच तापमानाची ऊब देत राहतो. त्यातूनच 'एम्ब्रेस' हे साधन आकाराला आले व ते भारतातही वापरले गेले.

आपले काम

अशा प्रयोगांत डॉक्टरांनी तीन गोष्टी कराव्यात, असे मला वाटते. पहिली, प्रश्न पुरवावेत. कोणत्या मोहल्ल्यातून जुलाबाचे रुग्ण एकदम येऊ लागले, कोणत्या घरात टाकी वर्षानुवर्षे धुतलेली नाही, हे शिक्षकांपेक्षा आपल्याला आधी कळते. रुग्णाचे नाव न घेता ते सांगता येते. दुसरी, सुरक्षेची जबाबदारी घ्यावी. काळ्या पडलेल्या बाटलीत जंतू कोट्यवधींनी वाढलेले असतात. मुलांनी ती उघडू नये. मोठ्या माणसाने झाकण केवळ सैल करून ती प्रेशर कुकरमध्ये वीस मिनिटे वाफवावी व मगच रिकामी करावी. गटाराचे पाणी आणून 'खात्रीचा' नमुना बनवण्याचा मोह टाळावा, आणि प्रयोगातील पाणी कोणी पिऊ नये.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे: उत्तर सांगू नये. मुलीच्या प्रयोगात तांबे आणि काच यांत काहीच फरक दिसला नाही, तरी तो निकाल तसाच फलकावर लागला पाहिजे आणि त्याला गुणही तेवढेच मिळाले पाहिजेत. बक्षिसासाठी निकाल सजवण्याची सवय चौदाव्या वर्षी लागली, तर ती पुढे शोधनिबंधांत आणि रुग्णांच्या कागदपत्रांतही दिसते.

आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी प्रत्येकाने एका शाळेतील एका गटाला वर्षभरासाठी आपले म्हणावे, असे मी सुचवतो. खर्च बाटल्या, कागद व एका तापमापकाचा. माधवगंजातल्या वा मुरारच्या एखाद्या घरी, आपल्याच मुलीने भरलेल्या पाच बाटल्या काळ्या पडलेल्या आईने सकाळी पाहिल्या, तर पाणी उकळण्यासाठी तिला डॉक्टरांच्या सल्ल्याची वाट पाहावी लागणार नाही.