सेप्टिक टँक : भरून वाहण्याची वाट पाहू नका

सेप्टिक टँकमध्ये जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी शोषखड्ड्याकडे जाते. हवेशिवाय जगणारे जिवाणू मैला कुजवतात, पण तो पूर्ण संपवत नाहीत. उरलेला गाळ साचत गेला की मैलाच पाण्याबरोबर बाहेर पडतो आणि शोषखड्डा तुंबतो.

पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्यात हा धोका मोठा आहे. मुसळधार पाऊस, मातीच्या पातळ थराखाली बेसाल्ट आणि पावसाळ्यात वर आलेले भूजल यांमुळे घाण पाणी नीट गाळले न जाताच विहिरीत, ओढ्यात आणि तिथून धरणांत उतरू शकते.

म्हणून टँक दर दोन-तीन वर्षांनी, शक्यतो उन्हाळ्यात उपसावा. भर पावसात रिकामा टँक भूजलाच्या दाबाने उचलला जाऊ शकतो. मांढरदेवीचा घाट उतरून गेल्यावर लागणाऱ्या वाई शहरात नगरपरिषदेने 2018 पासून दर तीन वर्षांनी घरोघरचे टँक उपसण्याचे वेळापत्रक सुरू केले. ग्रामपंचायतींनीही ते अनुसरावे.

ॲसिड, फिनाईल, प्लॅस्टिक आणि सॅनिटरी पॅड टँकमध्ये जाऊ देऊ नका. झाकणापर्यंत उपसा करणारी गाडी येईल अशी वाट ठेवा. उपसलेला मैला ओढ्यात वा शेतात न ओतता प्रक्रिया केंद्रातच न्यायला सांगा.

आणि माणसाला टँकमध्ये कधीही उतरवू नका. आतला विषारी वायू काही क्षणांत जीव घेऊ शकतो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाकडून टँक साफ करून घेणे हा हाताने मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गुन्हाही आहे.