रोजचा दीन, भाग ८ : टाकीतलं कबूतर आणि वेलीवरची द्राक्षं

मागच्या भागात वजूचे चार फर्ज पाहिले: चेहरा धुणं, कोपरांपर्यंत हात धुणं, ओला हात डोक्यावरून फिरवणं, घोट्यांपर्यंत पाय धुणं. त्यानंतर आलेले बहुतेक प्रश्न मात्र पाण्याचे आहेत. जुन्या नाशकातल्या एका वाचकाची शंका अशी, की मशिदीच्या हौजावर शंभर माणसं वजूला बसतात, धुतलेल्या हातांचे थेंब परत हौजातच पडतात, मग ते पाणी पाक राहतं कसं?

याचं उत्तर हौजाच्या मापात आहे. हनफी फिक्हमध्ये ‘दह दर दह’ म्हणून एक माप चालत आलंय. दहा हात लांब, दहा हात रुंद. हात दीड फुटाचा धरला तर पंधरा फुटांचा चौरस, म्हणजे सव्वादोनशे चौरस फूट पाणी. खोली फार लागत नाही. ओंजळीनं पाणी घेतल्यावर तळ उघडा पडू नये, एवढी पुरे. इतकं पसरलेलं पाणी वाहत्या पाण्याच्या हिशेबात धरतात. घाण पडल्यामुळे रंग, वास किंवा चव बदलेपर्यंत ते पाकच. जुन्या मशिदींचे हौज ऐसपैस असतात ते केवळ शोभेसाठी नव्हे. आणि थेंबांचं म्हणाल, तर वजूचं वापरलेलं पाणी स्वतः नापाक नसतंच. त्यानं पुन्हा वजू होत नाही, इतकंच.

शाफई पंथाचं माप वेगळं. कोकणी मुसलमान शाफई. नाशकातही त्यांची वस्ती जुनी आहे. त्यांच्याकडे ‘कुल्लतैन’, म्हणजे दोन मोठे रांजण. आजच्या हिशेबात साधारण दोनशे लिटर. तेवढं किंवा त्याहून जास्त पाणी असेल, तर रंग-वास-चव बदलल्याशिवाय ते नापाक होत नाही.

हा फरक पुस्तकी वाटेल, पण गच्चीवरच्या टाकीत मेलेलं कबूतर सापडलं की तो घरात येतो. समजा हजार लिटरची काळी टाकी आहे. झाकण वाऱ्यानं उडालं होतं, कबूतर आत पडलं, पाण्याचा वास अजून बदललेला नाही. शाफई घरात पाणी पाक. कबूतर काढा आणि पुढे चला. (ते पाणी प्यावं का, हा डॉक्टरांचा प्रश्न. माझं मत विचाराल तर मुळीच पिऊ नये.) हनफी घरात मात्र ती टाकी दह दर दहच्या जवळपासही जात नाही, म्हणून पाणी नापाक. ते सोडून द्यायचं आणि टाकी धुवायची. माशी, मुंगी किंवा डास पडून मेला तर दोन्हीकडे सवलत आहे, कारण त्यांच्यात वाहतं रक्त नसतं.

आता खरी पंचाईत. कबूतर पडलं कधी? कालपासून त्याच पाण्यानं वजू करून पढलेल्या नमाजांचं काय? इमाम अबू हनीफांचं म्हणणं सावधगिरीचं: प्राणी फुगलेला नसेल तर एका दिवस-रात्रीच्या नमाजा पुन्हा पढा, फुगला असेल तर तीन दिवस-रात्रींच्या. त्यांचे शिष्य अबू यूसुफ आधी हेच मानत. फिक्हच्या ग्रंथांत किस्सा येतो, की एकदा ते बागेत बसले असताना एका घारीनं चोचीतलं मेलेलं जनावर विहिरीत टाकलेलं त्यांनी पाहिलं आणि मत बदललं. मेलेला प्राणी विहिरीत आत्ताही पडलेला असू शकतो! मग कालच्या नमाजा कशाच्या आधारावर रद्द करायच्या? पुढे हारून अल-रशीदच्या काळात मुख्य काझी झालेला हा माणूस पुराव्याचा किती पक्का होता, ते या घारीवरून कळतं.

मला हा किस्सा फार आवडतो. पाकीचे नियम माणसाला संशयात लोटण्यासाठी आहेत असा समज आपल्याकडे घट्ट आहे, आणि घराघरांतले वसवशाचे रुग्ण तो आणखी घट्ट करतात. कोपर कोरडं राहिलं असेल म्हणून पाच वेळा धुणारे, नमाजेत उभं राहिल्यावर वजू गेला की काय म्हणून परतणारे. फिक्हचा पायाभूत नियम याच्या नेमका उलट आहे: खात्री शंकेनं उठत नाही. वजू केल्याचं पक्कं आठवतंय आणि तुटल्याची नुसती शंका आहे, तर वजू आहे. तुटल्याचं पक्कं आठवतंय आणि पुन्हा केल्याची शंका आहे, तर नाही. एक अवयव तीनदा धुणं ही सुन्नत. त्यापुढे धुणं नापसंत. प्रेषित (स.) एका मुदभर पाण्यात वजू करत, म्हणजे साधारण पाऊण लिटरच्या आत. गंगापूर धरणाचं पाणी आटू लागलं की पाणीकपातीची वाट पाहणाऱ्या शहरात, वजूखान्याचा नळ सोडून गप्पा मारणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

खात्री आणि शंकेचा हाच नियम एका वेगळ्या प्रश्नालाही लागू पडतो. तो दिंडोरीकडून आलाय आणि अस्सल नाशिकचा आहे: आमची द्राक्षं वाइनरीला जात असतील तर कमाई हलाल का?

बाजारात थॉम्सनचा माल व्यापाऱ्याला विकला, पुढे तो कुठे जातो ते ठाऊक नाही, तर चौकशी करत बसायची गरज नाही. विक्री जायज. पण शिराझ किंवा शेनिन ब्लांकची बाग लावून वाइनरीशी करार केला, तर तिथे शंका उरतच नाही. त्या जाती वाइनसाठीच लावतात. अशा विक्रीत अबू हनीफांनी सूट दिली: द्राक्ष स्वतः हलाल आहे, गुन्हा पुढच्या माणसाच्या हातून घडतो. अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद या दोघा शिष्यांनी ती मक्रूह मानली, कारण पापाला हातभार लागतो. शाफई मतानुसार, माहीत असताना विकणं हरामच. मला शिष्यांचं म्हणणं पटतं. पाच-दहा वर्षांचा करार करणाऱ्याला आपला माल कुठे जातोय हे माहीत नाही, असं म्हणता येत नाही. तरी ज्याचा करार आधीच झालाय त्यानं एखाद्या मुफ्तींसमोर कागद ठेवून विचारावं. लेखात फतवा निघत नाही.

छाटणीच्या टोळीतल्या मजुराचं काय, असंही त्याच पत्रात आहे. दारूसंबंधी ज्या दहा जणांना हदीसमध्ये दोष दिलाय, त्यांत गाळणारा, वाहून नेणारा, विकणारा, पाजणारा येतात. वेल छाटणारा येत नाही. आज या बागेत, उद्या त्या बागेत जाणाऱ्या मजुरावर मालकाच्या कराराचं ओझं टाकू नये. वाइनरीच्या आत रस गाळण्याच्या किंवा बाटल्या भरण्याच्या कामावर असलेल्याची गोष्ट वेगळी. त्यानं दुसरं काम शोधावं, आणि ते मिळेपर्यंत घर उपाशी ठेवू नये, असंच बहुतेक मुफ्ती सांगतात.

पुढच्या भागात प्रवासाची नमाज: नाशिकहून एसटीनं मालेगावला गेलेल्यानं चार रकात पढायच्या की दोन?