कटऑफ, पाऊस आणि पर्यायांची यादी

आंबोलीत वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण यंदा नेमका तेवढाच पडेल, असे गावात कोणी धरून चालत नाही. एखादे वर्ष बरेच कमी, एखादे बरेच जास्त. तरीही यंदा सोलापूरइतकाच पडेल, अशी भीतीही कोणाला वाटत नाही. सरासरी, तिच्याभोवतीचा चढउतार आणि त्या चढउताराची मर्यादा या तिन्ही गोष्टी माणसे पावसाच्या बाबतीत न शिकता जाणतात. मात्र बारावीनंतर प्रवेशाची वेळ आली की 'कटऑफ' हा आकडा दगडावरची रेघ मानला जातो. "सर, गेल्या वर्षी पंच्याण्णवला बंद झालं. मला साडेचौऱ्याण्णव आहेत. म्हणजे ते कॉलेज लिहायलाच नको ना?" असे विचारणारा विद्यार्थी प्रत्येक शिक्षकाला भेटलेला असतो. त्याला काय सांगावे, ते पाहू या.

कटऑफ कोणतेही महाविद्यालय आधी ठरवत नाही. प्रवेश संपल्यावर मागे राहिलेली ती खूण असते. सावंतवाडीहून आंबोलीला येणाऱ्या एसटीत शेवटची जागा रांगेतल्या कितव्या प्रवाशाला मिळाली, तो हा आकडा. काल तो चाळिसावा होता म्हणून आज चाळिसाव्याला जागा मिळेलच असे नाही. रांगेत आज कोण आहे आणि त्यांतल्या किती जणांना याच गाडीने जायचे आहे, यावर ते ठरते.

इथे पर्सेंटाइलचा एक घोळ आधी सोडवायला हवा. अभियांत्रिकीसाठी होणारी राज्याची सीईटी अनेक सत्रांत घेतली जाते आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. ९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के गुण नव्हेत. आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण मिळवणारे शंभरात ९५ जण आहेत, एवढाच त्याचा अर्थ. समजा, तीन लाख मुले परीक्षेला बसली. तर ९५ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे सुमारे १५ हजार मुले असतात. पुढच्या वर्षी चार लाख बसली, तर त्याच ९५ पर्सेंटाइलच्या पुढे २० हजार असतील. पर्सेंटाइल तेच, रांगेतली जागा मात्र पाच हजारांनी मागे. म्हणून दोन वर्षांची तुलना पर्सेंटाइलवरून न करता गुणवत्ता क्रमांकावरून करावी. दरवर्षीच्या कटऑफच्या तक्त्यात पर्सेंटाइलसोबत तो छापलेला असतो. हा क्रमांक प्रवेशासाठी नोंदणी केलेल्यांमधला असतो, त्यामुळे तो रांगेच्या अधिक जवळचा. शिवाय पर्याय भरायच्या आधीच तो विद्यार्थ्याच्या हाती पडतो. अमेरिकेतल्या विद्यार्थ्याला हे सुख नाही. तिथे आपण रांगेत कुठे आहोत, हे न कळताच अर्ज करावे लागतात.

आता उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत. एका विद्यार्थिनीचा गुणवत्ता क्रमांक २०,००० आहे. तिला हवी असलेली एक शाखा गेल्या तीन वर्षांत १८,२००, २१,५०० आणि १९,६०० या क्रमांकांवर बंद झाली. तीनपैकी एकाच वर्षी तिला ती मिळाली असती, पण दुसऱ्या एका वर्षी ती जेमतेम चारशेने हुकली असती. आकडा वर्षावर्षात ३,३०० नी हलतो आहे, तेव्हा इथे 'मिळेल' किंवा 'नाही' असे काहीच म्हणता येत नाही. ही काठावरची जागा. दुसरी शाखा २६,०००, २४,५०० आणि २७,००० वर बंद झाली. सर्वांत वाईट वर्षीही ती विद्यार्थिनी ४,५०० नी सुरक्षित होती, आणि तिथला चढउतार २,५०० चा आहे. ही खात्रीची म्हणायला हरकत नाही. तिसरी १६,१०० च्या पुढे कधी गेलीच नाही. ती उंच उडी. (तक्ता पाहताना आपल्या प्रवर्गाचाच रकाना पाहावा, आणि पहिल्या फेरीची तुलना पहिल्या फेरीशीच करावी. पुढच्या फेऱ्यांत आकडे सरकतात.)

मग ही तिसरी शाखा यादीत लिहायची का? लिहायची, आणि सर्वांत आवडती असेल तर सर्वांत वर लिहायची. इथे पालक आणि, खरे सांगायचे तर, आपण शिक्षकही हमखास चुकतो. 'मोठं नाव वर टाकलं तर खालचंही हातचं जाईल' ही समजूत या पद्धतीला लागू नाही. वाटप गुणवत्ता यादीच्या पहिल्या क्रमांकापासून सुरू होते. आपला क्रमांक आला की संगणक आपली यादी वरून खाली वाचत जातो आणि जी पहिली शिल्लक जागा सापडेल ती देतो. वरचे पर्याय भरलेले असतील तर तो पुढे सरकतो. पण या सरकण्यात आपला क्रमांक मागे जात नाही. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ साली महाविद्यालयीन प्रवेशाच्या प्रश्नावर जो निबंध लिहिला, त्यातल्या रीतीचे हे सोपे रूप आहे. सगळी महाविद्यालये विद्यार्थ्यांना एकाच क्रमाने पसंत करत असली की ती रीत अशी सरळ होते. या विषयावरच्या कामासाठी शॅप्ली आणि अल्विन रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

प्रत्येक पद्धत अशी प्रामाणिकपणाला पोषक नसते. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात शाळांच्या प्रवेशात आधी सर्वांचे पहिले पसंतीक्रम भरून घेत आणि मग उरलेल्या जागांवर दुसरे. तिथे आवडती पण कठीण शाळा वर लिहिणे खरोखरच महाग पडे. बॉस्टनने ती पद्धत २००५ मध्ये बदलली.

आपल्याकडे एक अट मात्र ध्यानात ठेवावी लागते. २०२५-२६ च्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणताही मिळाला, तर तो स्वीकारणे बंधनकारक होते. तेव्हा पहिल्या सहांत 'असू दे' म्हणून काही लिहू नये. नियम वर्षागणिक बदलतात, त्या वर्षाची पुस्तिका वाचावीच.

म्हणजे क्रम आवडीने ठरतो. मग शक्यतेचा हिशेब कशासाठी? यादी कुठे थांबवायची, हे ठरवण्यासाठी. अभियांत्रिकीत शेकड्याने पर्याय भरता येतात, तिथे खात्रीच्या तीन-चार जागा येईपर्यंत खाली जात राहावे. अकरावीचे गणित निराळे. २०२५-२६ पासून तिचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आणि त्या वर्षी जास्तीत जास्त दहा पसंतीक्रम देता येत होते. दहांत दहा उंच उड्या लिहिल्या तर हाती काहीच न लागण्याची शक्यता खरी. जागा मोजक्या असल्या की त्यांतल्या दोन-तीन खात्रीसाठी राखाव्या लागतात.

काठावरच्या अनेक जागा लिहिल्या की आपोआप खात्री तयार होते का? गणिताचे शिक्षक म्हणतील, चार ठिकाणी प्रत्येकी निम्मी शक्यता असेल तर चारही हुकण्याची शक्यता सोळात एक. पण हा गुणाकार घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच चालतो. पाऊस आंबोलीत ओढ देतो तेव्हा सावंतवाडीतही बहुधा देतो. तसेच संगणक शाखेकडे ओढा वाढला की ती शाखा सगळ्याच महाविद्यालयांत एकदम वर चढते आणि चारही जागा एकदम हुकतात. त्याच वर्षी यंत्र किंवा स्थापत्य शाखेचे आकडे मात्र सैल होऊ शकतात, कारण तिकडची मुले इकडे वळलेली असतात. मुलाला दोन्ही शाखा खरोखर चालत असतील, तर एका शाखेची चार महाविद्यालये लिहिण्यापेक्षा दोन शाखांची मिळून चार अधिक आधार देतात.

आंबोलीसारख्या गावाला आणखी एक गोष्ट लागू होते. सिंधुदुर्ग मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. मुंबई पाचशे किलोमीटरच्या घरात, तर कोल्हापूर घाटावर, खूपच जवळ, पण शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत 'होम युनिव्हर्सिटी'च्या मुलांसाठी जागांचा मोठा वाटा असतो, आणि राज्यात शिकलेल्या मुलाचे होम विद्यापीठ तो बारावी कुठून उत्तीर्ण झाला यावरून ठरते. तेव्हा अकरावीला सावंतवाडीत राहायचे की आजऱ्याला अथवा कोल्हापूरला जायचे, या निर्णयात दोन वर्षांनंतरच्या रांगेचीही निवड होऊन जाते. हे दहावीतच सांगायला हवे. बेळगाव किंवा गोव्यात बारावी करणाऱ्यांना अधिवासाच्या दाखल्याचा विचार आधीपासून करावा लागतो.

आणि खात्रीची जागा खर्चाच्या दृष्टीनेही खात्रीची हवी. जिची फी घरच्यांना झेपणार नाही, ती क्रमांकाने कितीही सुरक्षित असो, यादीत खात्रीची म्हणून मोजू नये. २०२४-२५ पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. वसतिगृह आणि खानावळ मात्र त्यात येत नाही. घाटावरच्या मुलीच्या खर्चात मोठा आकडा अनेकदा तोच असतो.

हे सारे वर्गात एका तासात दाखवता येते. बारा विद्यार्थ्यांना १ ते १२ क्रमांकांच्या चिठ्ठ्या द्या. तीन बाके म्हणजे तीन महाविद्यालये, प्रत्येकी तीन जागा. प्रत्येकाने आपला पसंतीक्रम गुपचूप लिहावा. क्रमांकाने बोलावून बसवा आणि प्रत्येक बाकावर शेवटी बसलेल्याचा क्रमांक फळ्यावर लिहा. हा कटऑफ. मग चिठ्ठ्या त्याच ठेवून फक्त चार जणांना पसंती बदलायला सांगा आणि पुन्हा वाटप करा. फळ्यावरचे आकडे हललेले दिसतील. शेवटी बॉस्टनची जुनी रीत खेळून पाहा. समजा, १ ते ४ या सर्वांनी पहिले बाक वर लिहिले आणि ५, ६, ७ यांनी दुसरे. पहिल्या बाकावर १, २, ३ बसतात, दुसऱ्यावर ५, ६, ७. चौथ्या क्रमांकाच्या मुलीने दुसरे बाक दुसऱ्या पसंतीला लिहिलेले असते, पण तिची पाळी येते तेव्हा ते भरलेले असते. सातवा तिथे बसलेला आणि चौथी उभी, हे पाहिल्यावर वर्गात जो गलका होतो, तो होऊ द्यावा.