ऐकणाऱ्या नटांची रंगभूमी

मराठी रंगभूमीची प्रकृती मूलतः संहितानिष्ठ आहे. नाटककाराचा शब्द प्रमाण मानायचा, तो नटाकडून घोटून घ्यायचा आणि प्रयोगाच्या रात्री त्याने तो जसाच्या तसा प्रेक्षकांच्या पदरात टाकायचा, हा आपला रिवाज. पदरची वाक्ये घालणाऱ्या नटाला टाळी पडते खरी. पण जाणकारांच्या मनात त्याच्याविषयी थोडी अढी राहतेच. अशा वातावरणात, ज्यांच्या हाती संहिता नाही, पाच मिनिटांनी आपण कोण होणार हे ज्यांना ठाऊक नाही, आणि जी भूमिका वाट्याला येईल ती समोर बसलेल्याच एखाद्या माणसाच्या खऱ्या आयुष्यातली असेल एवढेच ज्यांना पक्के ठाऊक आहे, अशा नटांची कल्पना चमत्कारिक वाटणे स्वाभाविक आहे. तरीही गेली पन्नास वर्षे जगाच्या अनेक देशांत असे नट काम करीत आले आहेत. या प्रकाराला ‘प्लेबॅक थिएटर’ म्हणतात. भारतातही चेन्नई, बंगळूर, मुंबई यांसारख्या शहरांत त्याचे गट आहेत. त्यांच्याकडे एक करमणुकीचा नवा प्रकार म्हणून पाहून सोडून देणे योग्य होणार नाही, कारण ते जे करू पाहतात त्यात दुसऱ्याच्या दुःखाला हात लावण्याचा प्रश्न गुंतलेला आहे.

‘प्लेबॅक’ हा शब्द आपल्याला चित्रपटसंगीतामुळे परिचित आहे. पडद्यावर ओठ एकाचे हलतात आणि गळा दुसऱ्याचा असतो. येथे काहीसे उलटे घडते. शब्द प्रेक्षकातल्या माणसाचा, आणि त्याला देह मिळतो तो नटाचा.

१९७५ साली जोनाथन फॉक्स आणि त्यांच्या पत्नी जो सालस यांनी अमेरिकेत या प्रकाराची सुरुवात केली, आणि न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या खोऱ्यात त्यांचा पहिला गट रुजला. फॉक्स तरुणपणी ‘पीस कोअर’चे स्वयंसेवक म्हणून नेपाळच्या ग्रामीण भागात राहून आले होते. मौखिक परंपरेचे त्यांना आकर्षण होते. दुसरा धागा मानसोपचाराचा. याकोब मोरेनो या वैद्यकाने १९२० नंतरच्या काळात व्हिएन्नात उत्स्फूर्त नाट्याचे प्रयोग केले, पुढे अमेरिकेत जाऊन ‘सायकोड्रामा’ ही उपचारपद्धती विकसित केली आणि याच हडसनच्या काठी, बीकन येथे, आपले रुग्णालय चालविले. मात्र मोरेनोच्या पद्धतीत रुग्ण स्वतः आपले प्रसंग उभे करतो. फॉक्स यांनी माणसाला खुर्चीत बसविले आणि त्याला स्वतःच्या आयुष्याचा प्रेक्षक केले. फरक लहान दिसतो, पण त्यामुळे सारा भार नटांच्या खांद्यांवर आला.

प्रयोगाची रचना साधी असते. रंगमंचाच्या एका बाजूला दोन खुर्च्या. एकीवर सूत्रधार बसतो, दुसरी रिकामी. समोर चार-पाच नट, पलीकडे एखादा वादक, मागे रंगीत कापडाचे काही तुकडे. नेपथ्य म्हणण्याजोगे एवढेच. प्रारंभी सूत्रधार प्रेक्षकांना किरकोळ गोष्टी विचारतो, आजचा दिवस कसा गेला, येताना मनात काय होते, आणि नट एकेका उत्तरावर क्षणभराचे हलते शिल्प उभे करतात. हळूहळू भीड चेपते. मग कोणीतरी उठून त्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसते.

समजा, गिरणगावातल्या एखाद्या सभागृहात एक पन्नाशीची बाई त्या खुर्चीत बसली आहे. ती सांगते, १९८२ च्या संपात वडिलांची गिरणी सुटली. पण संप सुरू झाल्यावरही कितीतरी महिने ते रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडत. ‘ताई, डबा कोण भरत असे?’ असे सूत्रधार विचारतो. ‘आई,’ ती म्हणते. ‘तिला ठाऊक होतं?’ बाई थोडी थांबते. ‘असणारच. पण ती भरत होती.’ सूत्रधार तिला नटांतून वडील निवडायला सांगतो, आई निवडायला सांगतो, आणि लहानपणची ती स्वतः कोण होईल तेही विचारतो. नटांनी एव्हाना एक शब्दही उच्चारलेला नाही. त्यांना आपसांत बोलून काही ठरवायची मुभा नाही. वाद्याचा सूर उमटतो आणि ते उभे राहतात.

येथे नटाची खरी परीक्षा सुरू होते. त्याच्यापुढे मोह बरेच असतात. पहिला मोह रडण्याचा. डबा हातात घेऊन हुंदका दिला की सभागृह जिंकता येते. पण त्या वडिलांनी हुंदका दिला होता असे बाईने कोठे सांगितले आहे? दुसरा मोह अर्थ लावण्याचा, म्हणजे ‘तो माणूस लाज लपवीत होता’ असा निवाडा परस्पर देऊन टाकण्याचा. तिसरा, आणि सर्वांत गोंडस, मोह शेवट गोड करण्याचा. वडिलांना अखेरीस मुलीजवळ मन मोकळे करायला लावले की प्रेक्षक सुखाने घरी जातात आणि बाईची गोष्ट मात्र तिच्यापासून हिरावली जाते. चांगला नट यातले काही करीत नाही. या कथेचा गाभा डबा भरणाऱ्या बाईच्या गप्प राहण्यात आहे, हे त्याने ऐकतानाच ओळखलेले असते. तो डब्याचे झाकण लावण्याला वेळ देतो. प्रसंग संपला की सारे नट जागच्या जागी थांबून खुर्चीकडे पाहतात, आणि शेवटचा शब्द तिचा असतो. ‘असंच होतं,’ असे ती म्हणेल. किंवा म्हणेल, ‘बाबा इतकं बोलत नसत.’ तसे ती म्हणाली तर नटाने ते मान लववून घ्यायचे असते. आपल्या रंगभूमीवरच्या किती नामवंतांना हे साधेल, याविषयी मला शंका आहे.

मूळ गटातली बहुतेक मंडळी व्यावसायिक नट नव्हती, याचे मला म्हणूनच नवल वाटत नाही. ती त्या परिसरात राहणारी साधी नागरिक मंडळी होती. अनेक देशांतले गट आजही तसेच आहेत: दिवसा आपापली नोकरी, संध्याकाळी तालीम. या तालमीत पाठ करण्यासारखे काही नसते. नट एकमेकांना स्वतःच्या गोष्टी सांगतात आणि एकमेकांच्या गोष्टी करून पाहतात. आपली आठवण दुसऱ्याच्या देहात पाहताना काय होते, हे ज्याने त्या खुर्चीत बसून अनुभवलेले नाही, त्याने दुसऱ्याची आठवण हाती घेऊ नये, असा हा साधा दंडक आहे.

उत्स्फूर्तता आपल्याला परकी आहे असे मात्र कोणी समजू नये. तमाशातली बतावणी हजरजबाबीपणावरच उभी असते. तळकोकणातला आणि गोव्यातला दशावतार तर लिखित संहितेवाचून रात्र रात्र चालतो. कथानकाची रूपरेषा रंगपटात ठरते आणि राजा, ऋषी, राक्षस आपापले संवाद रंगमंचावरच रचतात. पण दशावतारी नटाच्या पाठीशी पुराण असते. कथा त्यालाही ठाऊक, समोरच्या गावालाही ठाऊक. चुकला तर पुराणाचे काही बिघडत नाही. गिरणगावातल्या त्या बाईची कथा नटाने बिघडविली, तर तिच्याजवळ दुसरी प्रत नाही.

म्हणून या रंगभूमीविषयीचा मुख्य आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. माणसाला भर सभेत मन उघडे करायला लावायचे, त्याच्या जखमेचे नाट्य करायचे आणि टाळ्या घेऊन निघून जायचे, यात नीती कोणती? ‘हा उपचार नव्हे, ही कला आहे’ असे या मंडळींचे उत्तर असते. ते अर्धे उत्तर झाले. उपचार करणारा निदान पुढच्या आठवड्यात भेटतो. महानगरात सांगितलेली गोष्ट गर्दीत विरून जाते. तालुक्याच्या गावी सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर सांगणाऱ्याच्या आधी पोहोचलेली असते. सासरच्या छळाविषयी बोललेली सून त्याच घरी परत जाणार असते.

या आक्षेपाचे समाधान मला नटाच्या कौशल्यापेक्षा त्याच्या पत्त्यात सापडते. नट कोठे राहतो? वेस्ट बँकमधील जेनीन येथल्या ‘फ्रीडम थिएटर’ने २०१२ साली ‘फ्रीडम बस’ नावाचा उपक्रम काढला. पॅलेस्टिनी नट आणि वादक गावोगावी गेले, पाडलेल्या घरांच्या आणि गमावलेल्या जमिनींच्या हकीगती त्यांनी गावकऱ्यांकडून ऐकल्या आणि तेथल्या तेथे उभ्या केल्या. त्या नटांना ताब्यातल्या मुलखातले जिणे समजावून सांगावे लागले नाही. त्याच तपासणी नाक्यांवर तेही रांगेत उभे राहत होते. सांगणाऱ्याला आपण कोणापुढे बोलतो आहोत हे ठाऊक होते. हा विश्वास प्रशिक्षणाने मिळत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न जातीपाशी येऊन थांबतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. आडनाव कळले की माणूस कोठे बसवायचा हे आपण ठरवून टाकतो. पाणवठ्यावर अडविल्याची आठवण सांगणाऱ्या दलित वृद्धाची भूमिका, ज्याच्या घरी असा प्रसंग केवळ वाचनात आला आहे, अशा तरुणाने पाच मिनिटांच्या तयारीवर करावी काय? करूच नये, असे मी म्हणणार नाही. एकाने दुसऱ्याच्या जागी उभे राहणे हाच तर नाट्याचा धर्म. पण ज्या गटातले सारे नट एकाच प्रकारच्या घरांतून आले आहेत, त्याने वस्तीत जाऊन खुर्ची मांडण्यापूर्वी आपल्या तालमीत कोणत्या गोष्टी कधीच निघत नाहीत याचा विचार करावा. रत्नाकर मतकरी यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला, तेव्हा त्यांनी वस्तीतल्या मुलांवर नाटके करण्याऐवजी मुलांनाच आपल्या जगण्यातली नाटके रचायला आणि करायला लावली. तो प्लेबॅक नव्हे, त्याची रीतही वेगळी. पण गोष्ट ज्याची आहे त्याच्या हाती राहिली पाहिजे, हे तेथे नेमके ओळखले गेले होते.

हल्ली कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांतही या प्रकाराचा उपयोग होऊ लागला आहे. कर्मचाऱ्यांनी मोकळे व्हावे, असा त्याचा हेतू सांगतात. त्या सभागृहात पुढच्या रांगेत साहेब बसलेले असतात, आणि कर्मचारी कोणती गोष्ट सांगेल व कोणती गिळून टाकेल, हे समजायला फार बुद्धी लागत नाही. गटांना खर्च असतो, सभागृहाचे भाडे असते, वादकाला मानधन द्यावे लागते. तेव्हा असे प्रयोग कोणी घेतले म्हणून त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. मात्र त्या पैशातून महिन्यातली एक संध्याकाळ एकाच वस्तीतल्या एकाच समाजमंदिरात, वर्षभर न चुकता, गेली पाहिजे. पहिल्या दोन-तीन वेळा कोणी फारसे बोलणार नाही. सणावाराच्या, शाळेतल्या फजितीच्या, हरवलेल्या बकरीच्या गोष्टी निघतील, आणि त्या गोष्टीही नटांनी तितक्याच मन लावून केल्या पाहिजेत. माणसे नटांना आधी बकरीवरच पारखून घेत असतात.